नवीन आणलेले कोरी आणि सकर दोन दिवसांत का मरतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, चालू होऊन दोन आठवडे झालेले. आत सहा गप्पी आणि पाच झेब्रा, सगळे ठणठणीत. सोसायटीला महापालिकेचं आणि बोअरचं मिक्स पाणी येतं. शनिवारी संध्याकाळी चार कोरी (तळाशी फिरणारे मिशीवाले छोटे मासे) आणि बोटभर लांबीचा एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणला. पिशवी पंधरा मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली आणि मग मासे सोडले. रविवारी सकाळी दोन कोरी आडवे पडलेले, सोमवारी रात्री सकर गेला. अंगावर डाग नाही, जखम नाही, पाणी काचेसारखं. दुकानदार म्हणतो, खाणं जास्त पडलं असेल. मग वरचे मासे मजेत आणि तळातलेच का मेले?

खाण्याचा मुद्दा आधी बाजूला काढू. जास्त खाण्याने पाणी खराब होतं हे खरं, पण आणलेल्या रात्रीच दोन मासे मरायला ते कारण सहसा पुरत नाही. नवा मासा पहिल्या रात्री तोंडसुद्धा उघडत नाही. दुकानदाराचं हे ठरलेलं उत्तर आहे, कारण त्यात चूक नेहमी गिऱ्हाइकाची असते.

कुणी 'मासा मेला' म्हणून आलं की मी लक्षणं नंतर विचारतो. आधी विचारतो, सोडल्यापासून किती तासांनी मेला? तळातल्या माशांच्या बाबतीत हा आकडा निम्मं निदान करून देतो. पिशवीत किंवा पहिल्या दोन-तीन तासांत गेला तर कारण पकडण्यात, पिशवीत नाहीतर क्लोरीनमध्ये असतं. एका रात्रीपासून तीन दिवसांपर्यंत गेला तर पाण्यातला फरक किंवा अमोनिया. आठवडा-दोन आठवडे नीट दिसून मग गेला तर बहुतेक वेळा उपासमार, नाहीतर सोबत आलेला रोग. तुमचे तिन्ही मासे मधल्या गटातले आहेत. दोन कोरींना पहिल्या गटातलाही हात लागलेला असू शकतो.

आता हा मासा तुमच्यापर्यंत कसा पोहोचतो ते बघा. साधे ब्रॉन्झ, आल्बिनो, पेपर्ड कोरी आणि सकर मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण आपल्या बाजारात येणारे बहुतेक फार्मवर वाढलेले असतात. कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात हा धंदा मोठा आहे. पॅकिंगच्या आधी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, कारण पोट भरलेला मासा पिशवीतच घाण करतो. मग ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, थर्माकोलचे खोके, रेल्वे किंवा विमान, इथला होलसेलवाला आणि शेवटी दुकानातला टँक. तिथे तळाला पडणारं खाणं कुणी घालत नाही. वर तरंगणारे दाणे टाकतात, ते मॉली आणि टेट्रा संपवतात. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक असतं म्हणून माल शुक्रवारी उतरवायचा, असंही पुष्कळ दुकानांत चालतं. म्हणजे तुम्ही शनिवारी घेतलेला मासा आठवड्याभरात चौथं पाणी बघत असतो आणि धड जेवलेला नसतो. अशा माशाला तुमच्या टँकमधली जी गोष्ट एरवी जेमतेम सोसली असती, ती सोसत नाही. तुमचे गप्पी दोन आठवड्यांपूर्वी आले, आणि पाणी हळूहळू बिघडत गेलं तसे त्या पाण्याला सरावत गेले. कोरीला थेट त्यात उडी मारावी लागली. गप्पी मुळातच कठीण, क्षारयुक्त पाण्यात खूश असतो आणि वरच्या थरात फिरतो. त्यामुळे गप्पी ठणठणीत आहेत म्हणून पाणी चांगलं, हा निष्कर्ष काढू नका.

पाणी काचेसारखं आहे यालाही अर्थ नाही. अमोनिया रंगहीन असतो. टँक चालू केल्यापासून माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि ग्रॅव्हलवर (तळाच्या खडीवर) पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टँकची सायकल म्हणतात. दोन आठवड्यांचा टँक म्हणजे बरोब्बर वाईट मधला काळ: अमोनिया अजून पूर्ण गेलेला नसतो आणि नायट्राइट चढायला लागलेलं असतं. तुमच्या टँकमध्ये ग्रॅव्हल आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी जेमतेम 45 लिटर. त्यात अकरा लहान माशांवर एका संध्याकाळी आणखी पाच आले.

आणि इथेच तुमचं बोअरचं पाणी मध्ये येतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक त्या मानाने निरुपद्रवी. कुठलं रूप किती, हे मुख्यतः पीएचवर (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा) ठरतं, थोडं तापमानावर. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ दहापट. समजा किटवर 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) अमोनिया दिसला. पीएच 7 च्या पाण्यात त्यातला विषारी भाग 0.006 पीपीएम, आणि पीएच 8 ला 0.05. या दुसऱ्या आकड्याला कल्ल्यांना इजा व्हायला सुरुवात होते. आपल्याकडचं बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून येतं, कठीण असतं, आणि पीएच आठच्या आसपास निघणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे मुंबईतल्या मित्राने नळाच्या पाण्यावर दोन आठवड्यांच्या टँकमध्ये कोरी सोडले आणि जगले, तसेच तुमच्याकडे जगतील असं नाही.

दुसरं कारण टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचं, आणि सकरच्या बाबतीत माझा जास्त संशय यावर आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकत राहतं आणि कल्ले क्षार धरून ठेवतात. ही सगळी यंत्रणा ज्या पाण्यात मासा आहे त्या पाण्याला जुळवलेली असते. पाणी एकदम बदललं की ती नव्याने जुळवायला वेळ लागतो, आणि दमलेल्या, उपाशी माशाला ते जमतंच असं नाही. मासा लगेच मरत नाही. पहिला दिवस कोपऱ्यात बसून काढतो, दुसऱ्या दिवशी श्वास जोरात, तिसऱ्या दिवशी संपतो. अंगावर काहीच खूण नसते. शनिवारी संध्याकाळी सोडलेला सकर सोमवारी रात्री जाणं यात चपखल बसतं. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ, टीडीएस बहुधा दीडशेच्या आत. बोअरचं पाचशे-आठशे सहज असतं. दुकान कुठल्या पाण्यावर चालतं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि पिशवी तरंगत ठेवल्याने फक्त तापमान जुळतं. क्षार प्लास्टिकमधून आरपार जात नाहीत.

आरओवाला सर्व्हिसिंगला येतो तेव्हा ग्लासात पेनासारखं यंत्र बुडवून आकडा दाखवतो ना, तोच टीडीएस मीटर. दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. मासे ठेवणाऱ्याने पहिल्या माशाआधी तो घ्यावा असं मी म्हणेन. पिशवीतलं पाणी मोजा, आपल्या टँकचं मोजा. फरक शंभराच्या आत असेल तर नेहमीची पद्धत चालते. दीडशे-दोनशेच्या वर असेल तर मासा थेंबाथेंबाने सरावायला हवा. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणा, सुई काढून टाका, एक टोक टँकमध्ये आणि दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत. बादलीत पिशवीतल्या पाण्यासकट मासे. चाकाने सेकंदाला दोन-तीन थेंब ठेवा. पाणी दुप्पट झालं की निम्मं काढून टाका आणि पुन्हा भरू द्या. दीड-दोन तासांत दोन्हीकडचा आकडा जवळ येतो. मग मासे हाताने किंवा वाटीने उचलून टँकमध्ये सोडा. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. बादलीवर ताट झाका, घाबरलेला कोरी उडी मारतो.

हीच पद्धत कुरियरने आलेल्या माशाला मात्र घातक ठरू शकते, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. बंद पिशवीत मासा तासन्‌तास श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. अमोनियाही साठतो, पण उतरलेल्या पीएचमुळे तो निरुपद्रवी रूपात पडून असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात दोन तास थेंब सोडत बसणं म्हणजे माशाला विषात मुरवणं. तीस-चाळीस तासांचा प्रवास करून आलेल्या माशासाठी विक्रेत्याला आधीच टीडीएस आणि पीएच विचारा. आरओचं आणि नळाचं पाणी मिसळून बादलीत साधारण तसंच पाणी तयार ठेवा. पिशवी न उघडता तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच त्या स्वच्छ पाण्यात घ्या. सावकाश सरावणं तिथून पुढे. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या पिशवीत ही भानगड नसते.

कोरीच्या पिशवीची भानगड वेगळी. दुकानात पोरगा जाळी घेऊन कोरीमागे लागतो तेव्हा नीट बघा. कोरी तळाला चिकटून पळतो, जाळी ग्रॅव्हलवर आपटते, तीन-चार हेलपाट्यांनंतर मासा सापडतो. वर काढला की पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे कल्ल्यांमागचे काटे ताठ उभे करतो, आणि ते जाळीच्या धाग्यांत अडकतात. पोरगा जाळी उलटी करून झटकतो, मासा पडत नाही, मग बोटाने ओढतो. काट्याच्या बुडाशी जी कातडी ताणली गेली तिथेच कोरीची विषग्रंथी असते. फार घाबरला की कोरी तिथून स्राव सोडतो. मोकळ्या नदीत हा बचाव उपयोगी. ग्लासभर पाण्याच्या पिशवीत तेच विष त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या कल्ल्यांत जातं. ओळखायची खूण म्हणजे पिशवीतल्या पाण्यावर पांढरा, चिवट फेस, जो हलवणं थांबवलं तरी विरत नाही, आणि मासे कडेवर कलंडून धापा टाकतात. असं दिसलं तर तापमान, टीडीएस काही बघत बसू नका. मासे ताबडतोब दुसऱ्या पाण्यात घ्या. दुकानातच दिसलं तर दुकानातच पिशवी बदलून घ्या.

म्हणून कोरी विकत घेताना चार गोष्टींचा हट्ट धरा. जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा किंवा पेला वापरायला सांगा. जाळीने फक्त डब्याकडे हाकायचं. एका पिशवीत दोनच्या वर कोरी नकोत आणि कोरीच्या पिशवीत दुसऱ्या जातीचा मासा अजिबात नको. पिशवी दुहेरी असावी, कारण काटा एकेरी प्लास्टिक भोसकतो. आणि पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे रबर बँडने बांधून गोल करून घ्यावेत. तळातला मासा त्या चिंचोळ्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, बाकीचे वरून दाबतात आणि तो तिथेच गुदमरतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू दे.

तुमच्या पिशवीत फेस होता की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. चार कोरी आणि सकर एकाच पिशवीत आणले असतील, तर रविवारी सकाळी मेलेल्या दोघांचा हिशोब मी थोडा याच्या खात्यावर मांडेन आणि उरलेला अमोनियाच्या.

आता तळाबद्दल, कारण 'तळातलेच का' हा तुमचा मूळ प्रश्न आहे. टँकमधलं सगळ्यात वाईट पाणी तळाला असतं. घाण खाली बसते, ग्रॅव्हलच्या फटीत शिरते आणि तिथे सडते. पंपाची हवा वरच्या अर्ध्या भागातलं पाणी घोळवते. ग्रॅव्हल तीन-चार इंच जाड असेल आणि महिनोन्‌महिने सायफन फिरवलेला नसेल, तर बोट खुपसल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. मिशा त्यातच घालून जगणाऱ्या माशाची काय गत होईल? गुलाबी-निळ्या रंगाच्या धारदार ग्रॅव्हलवर कोरीच्या मिशा झिजतात, झिजल्या जागी बॅक्टेरिया बसतात. तुमचा टँक नवा आहे, त्यामुळे सडणं इतक्यात नसेल. पण खडी बदलायची असेल तर आत्ताच बदला: फिल्टरमध्ये वापरतात ती बारीक सिलिका वाळू, पाणी निवळेपर्यंत धुतलेली, इंच-दीड इंच थर. समुद्राची वाळू नको, तिच्यातले शिंपल्यांचे तुकडे पाणी आणखी कठीण करतात.

ऑक्सिजनचंही तसंच. 20 अंशांना पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरातले टँक 31-32 पर्यंत जातात. कोरीला पाण्यावर येऊन हवेचा घोट घ्यायची सोय निसर्गाने दिलेली आहे. ती हवा आतड्यात जाते आणि तिथून ऑक्सिजन रक्तात. मधूनच एखादा कोरी बाणासारखा वर जाऊन खाली आला तर घाबरू नका. दर मिनिटाला जायला लागले तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा कल्ले बिघडलेत. पेपर्ड आणि पांडा कोरी थंड पाण्याचे, उन्हाळ्यात घेऊच नका. स्टर्बाय जातीचा कोरी कोमट पाणी सोसतो, पण महाग. डोंगरी ओढ्यातले हिलस्ट्रीम लोच तर साध्या टँकमध्ये उन्हाळा काढतच नाहीत, त्यांना जोराचा प्रवाह आणि थंडावा लागतो.

क्लोरीन, औषधफवारणी वगैरे कारणं थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सगळेच मासे सापडतात, नुसते तळातले नाहीत. पिण्याच्या पाण्यात नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. माशाला तेवढासुद्धा बाधतो. पावसाळ्यात डोस वाढतो, आणि सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की त्या दिवशीचं पाणी टँकला अजिबात घालू नका. पाणी रात्रभर हवा सोडून ठेवा किंवा अँटिक्लोरीन घाला, ज्याला जुने लोक हायपो म्हणतात. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर एअर पंप बंद करून टँक ओल्या चादरीने झाका आणि शक्यतो ते काम पुढेच ढकला. ती औषधं माशांना फार जालीम असतात.

दुकानातून निघताना हातात जी निळी बाटली देतात, 'रोज चार थेंब टाका, मासे मरणार नाहीत', ती मात्र तळातल्या माशांचं खास नुकसान करते. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं, म्हणजे आधीच अर्धवट असलेली तुमची सायकल आणखी मागे जाते. मॅलाकाइट ग्रीन आणि तांब्याची औषधं लोच आणि कोरींना जड जातात. क्लाउन लोचला तर पांढरे ठिपके सगळ्यात आधी येतात आणि औषधही सगळ्यात कमी सोसतं, म्हणून जाणकार त्यांना निम्मा डोस देतात. रोग दिसत नसताना औषध घालू नका. तुम्ही घातलं असेल तर लिहायला विसरलात, आणि त्याने माझं निदान बदलेल.

आता तो समज, ज्याच्यापायी हे मासे सर्वांत जास्त मरतात, फक्त सावकाश मरतात म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. 'सकर टाका, टँक साफ ठेवेल.' सकर घाण खात नाही. शेवाळ खातो, लाकूड खरवडतो, भाजी खातो, आणि खाल्लेल्याची भरपूर शी करतो. दोन आठवड्यांच्या टँकमध्ये शेवाळ असतंच कुठे? कोरी तर शेवाळही फारसं खात नाही. त्याला किडे-अळ्या आणि तळाला बसणाऱ्या गोळ्या लागतात. या माशांच्या अंगावर चिलखतासारखी हाडांची पाटं असतात. उपाशी मासासुद्धा वरून बघितला तर जाडजूड दिसतो. काचेला चिकटलेला असताना खालून बघा: पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक, आत गेलेलं असेल, मागे खळगा दिसत असेल, तर तो मासा घेऊ नका. डोळे खोल गेलेला सकर सहसा परत सावरत नाही. ओटोसिंक्लस या दीड इंची माशाचं तर हे दुखणंच आहे. अजूनही बहुतेक ओटो नदीतून पकडलेले येतात, पकडण्यापासून दुकानापर्यंत जवळजवळ उपाशी. टँकमध्ये आल्यावर काही दिवस नीट दिसतात आणि मग एकेक करून जातात. सहा महिने जुना, काचेवर तपकिरी थर येणारा टँक नसेल तर ओटोच्या वाटेला जाऊ नये.

खायला घालायचं ते दिवे बंद झाल्यावर. कोरीला बुडणाऱ्या गोळ्या, प्रत्येक माशामागे दोन-तीन. सकर किंवा ब्रिसलनोजला (सकरच्याच कुळातला छोटा मासा) दुधी, काकडी किंवा दोडक्याची चकती, उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार केलेली, स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी. सकाळी उरलेली चकती बाहेर. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती तिथे राहिली तर पाणी नासतं.

दुसऱ्या सकरचा विचार मात्र सोडून द्या. दुकानात दोन-तीन इंचांचा असतो तो फूटभराच्या वर जातो. दोन फुटी टँकमध्ये तो जगला तरी तुमचीच पंचाईत. मग लोक तो तळ्यात नेऊन सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आणि आंध्रच्या तलावांत याच सकरने मच्छीमारांची जाळी फाडून वैताग आणलेला आहे. काचेवरच्या शेवाळासाठी ब्रिसलनोज घ्या, चार-पाच इंचांत थांबतो. सोनेरी रंगाचा 'अल्गी ईटर' म्हणून विकतात तो नको. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की इतर माशांच्या अंगाला चिकटतो.

आता तुमचे दोन कोरी शिल्लक आहेत, त्यांचं बघू. पुढचा आठवडाभर रोज पाव टँक पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं आणि त्याच टीडीएसचं. एकदम निम्मं पाणी बदलून 'फ्रेश' करायला जाऊ नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. धुवावाच लागला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. खाणं दिवसातून एकदा, तेही थोडं. हवा वाढवा, आणि एअर स्टोन तळाशी टेकवा, अर्ध्यावर लोंबकळत ठेवू नका. दिवा दिवसा चार-पाच तासच लावा आणि मडक्याचा फुटका तुकडा किंवा नारळाची करवंटी ठेवून लपायला जागा करा.

अमोनिया आणि नायट्राइटचे थेंबांचे किट घ्या. नायट्राइट दिसलं तर 10 लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ, मगात विरघळवून, तीन-चार हप्त्यांत घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. एवढं मीठ कोरीला सोसतं. दुकानात मूठभर खडे मीठ टाकायचा सल्ला देतात, तो कोरीसाठी नव्हे. आणि सगळ्यात जालीम उपाय फुकटचा आहे: ज्याचा टँक वर्षभर नीट चालू आहे आणि रोगराई नाही, अशा ओळखीच्या माणसाकडून त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत आणा आणि तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये बसवा. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा माझा यावर जास्त भरवसा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले की आणखी तीन-चार कोरी आणा, कारण हा कळपाचा मासा आहे, दोघंच राहिले तर घाबरून खातही नाहीत. दुकानात विचारा, हा लॉट कधी आला? काल-परवा आला असेल तर निम्मे पैसे द्या, मासे दाखवून ठेवा आणि पाच-सहा दिवसांनी न्या. त्या दिवसांत त्या टँकमध्ये मर झाली तर तुमच्याकडे झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. न्यायला गेलात की समोर एक गोळी टाकायला लावा. जो मासा मिशा हलवत तिच्याकडे येतो तो घ्या. एकाच टँकमध्ये पोटावर लाल चट्टे असलेला किंवा मेलेला एखादाही दिसला तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. घरी आणल्यावर वीस-पंचवीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात, मोठ्या टँकमध्ये आधी मुरवलेल्या स्पंज फिल्टरसह, तीन आठवडे वेगळे ठेवता आले तर उत्तम. कोरीसोबत येणारे रोग टबात दिसतात आणि टबातच संपवता येतात.

उद्या सकाळी दिवा लावायच्या आधी टँकचा पीएच, टीडीएस, अमोनिया आणि नायट्राइट मोजून लिहा. दुकानातल्या टँकमधलं पाणी एका छोट्या बाटलीत मागून आणा, ते द्यायला कुणी नाही म्हणत नाही, आणि त्याचाही टीडीएस मोजा. दोन टीडीएसमध्ये दोनशेच्या वर फरक निघाला आणि अमोनिया 0.25 च्या आत असला तर सकरचं कारण पाण्यातला फरक, असं मी नक्की धरेन. अमोनिया 1 च्या वर आणि पीएच आठ निघाला तर मग सगळेच त्याने गेले, आणि उरलेल्या दोघांसाठी पाणी बदलणं सकाळ-संध्याकाळ करावं लागेल.